खुंटीवरचा बगलूस

बगलूसाची बक्कल नरहररावांच्या हातात आली. काही जोरानं ओढली नव्हती, रोजच्यासारखीच ओढली होती. पण चामड्यानं पन्नास वर्षं सोसलं आणि आज नाही म्हटलं. पट्टा कमरेवरून घसरून पायाशी पडला आणि पितळेची बक्कल तेवढी मुठीत राहिली. कचेरीचे वरिष्ठ नाजिमसाहेब, त्यांच्या बंद दाराबाहेर, काखेत कागदांची मिसल धरून, पेशकार नरहरराव बिलोलीकर क्षणभर तसेच उभे राहिले. मागे बाकावर कारकुनांवरचे मुंतझीम हबीब बेग बसले होते, त्यांच्या पलीकडे आणखी सहा जण आपापले कागद सांभाळून. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. चपराशी दस्तगीर वाकला, पट्टा उचलून त्यानं दोन्ही हातांवर धरला आणि म्हणाला, "टूट गया साब," जणू नरहररावांना ते कळलंच नव्हतं.

रियासतीत साहेबापुढे जायचं तर डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस हवा. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला विचारायची सोय नव्हती. सूर्य उगवतो तसा तो होता. दस्तार ज्याची त्याची असे, पण बगलूस मात्र तलावांच्या या कचेरीत एकच होता. काहींच्या घरी पेटीत स्वतःचे असतीलही, पण आणतो कोण? खुंटीवर एक होता ना! ज्याची पेशी असेल तो खुंटीवरून पट्टा काढी, शेरवानीवर बांधी, आत जाई, मुजरा करी, बाहेर येऊन सोडी. मग दुसरा बांधी. चारशे तलावांचा कारभार, एकोणीस माणसं, आणि सगळ्यांना मिळून ही एक कंबर. नवीन आलेल्याला याचं हसू येई, पण सहा महिन्यांत तोही मुकाट्यानं खुंटीखाली ताटकळायला शिके. पट्ट्याला किती भोकं पडली होती! नरहरराव डोळे मिटून सांगू शकले असते: हे शेवटचं, फाटायला आलेलं, ते हबीब बेगांच्या पोटाचं, हे मधलं आपलं, आणि अगदी आतलं, बारीक, नीट गोल कोरलेलं, ते तात्यांचं. तात्या म्हणजे त्यांचे वडील. याच दारापुढचे पेशकार. पट्टा मुळात त्यांचाच. नोकरी संपली त्या दिवशी त्यांनी तो खुंटीला अडकवला, आणि घरी आले ते पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही.

"मोची को बुलाऊं क्या साब? नुक्कड पे बैठता. पाव घंटे में सी को देता," दस्तगीर म्हणाला. हबीब बेगांनी मान हलवली. "बुलाओ, बुलाओ. बिलोलीकर साहब, आप बैठिए. जल्दी क्या है." जल्दी क्या है. या कचेरीच्या दारावर पाटी लावायची झाली असती तर हेच तीन शब्द लिहिले असते. नरहरराव बसले नाहीत. त्यांनी व्हरांड्याच्या टोकाला पाहिलं. तिथे, पायऱ्यांपाशी, खांबाला पाठ टेकून नरसय्या उकिडवा बसला होता. नरसय्या म्हणजे पेद्दकुंटाच्या तलावावरचा देखरेखीवाला. सकाळपासून बसला होता. त्यानं नरहररावांकडे पाहिलं आणि लगेच नजर आवारातल्या चिंचेकडे वळवली. आपल्यामुळे पंतुलुगारूंना, म्हणजे नरहररावांना, अवघड होऊ नये, म्हणून. काखेतली मिसल नरसय्याच्याच बरतर्फीची होती. आज साहेबांची सही व्हायची होती. वरून आज संध्याकाळपर्यंत जवाब मागितला होता, आणि उद्या पहाटेच्या गाडीनं साहेब सिकंदराबादहून दौऱ्यावर निघणार होते.

सकाळी चिक्कडपल्लीच्या घरी त्यांच्या पत्नी इंदुमतीबाईंनी ताटात वरण वाढताना विचारलं होतं, "आज त्या नरसय्याचं होय हो?" त्यांनी मान हलवली. "मग तुम्ही काय बोलणार?" "पेशकार बोलत नसतो. पेशकार कागद पुढं करतो," ते म्हणाले आणि म्हणताना त्यांना वाटलं, हा आवाज आपला नाही, तात्यांचा आहे. इंदुमतीबाई तुपाची वाटी पुढं सरकवत म्हणाल्या, "चौदा महिने त्या साहेबाला बोलायला शिकवलात. मी म्हटलं, तुम्ही पण शिकले असाल थोडं." त्या अशाच बोलत. आवाज चढवायचा नाही, हातातलं काम सोडायचं नाही, आणि मारायचं ते बरोबर वर्मावर. नरहररावांनी भात कालवला आणि त्याची चव त्यांना लागली नाही.

चौदा महिने. सय्यद मुर्तझा हसन विलायतेहून आले, नाजिम झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी पेशकाराला दुपारी थांबवून घेतलं. पस्तिशीचे, गोरे, बोटं सारखी टेबलावर वाजवायची सवय. "बिलोलीकर साहब, ये दफ्तर सोता है. मुझे हुक्म है के इसे चुस्त करूं. मैं तीन किताबें पढ़कर आया हूं और तीनों यहां बेकार हैं. आप बताइए, कहां से शुरू करूं." नरहररावांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत साहेबानं विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. त्यांना आधी भीती वाटली, मग राग आला, इतकी वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून. आणि मग, खोटं कशाला बोला, हर्ष झाला. कुठल्या तरी खेड्यातला तलाव गळतोय असा अर्ज त्यांनी उचलला आणि म्हणाले, "हुजूर, इसके साथ चलिए. जहां ये बैठे, आप बैठिए." आणि साहेब खरंच चालले. तो कागद पाच खोल्यांतून गेला आणि त्याच्याबरोबर रोज थोडा वेळ नाजिमसाहेब प्रत्येक मेजापाशी स्टूल ओढून बसले. कारकून घामाघूम. एकानं तर भीतीनं दौत कलंडली. प्रत्येकानं त्या कागदावर एकेक ओळ चढवली, 'मुलाहिजा फर्माया जाए', म्हणजे वरच्यांनी पाहावं, आणि पुढे ढकलला. अकरा दिवसांनी कागद साहेबांच्या टेबलावर आला. तळाशी नऊ सह्या, आणि तलाव गळतोय त्याचं काय करायचं हे कुणीच लिहिलेलं नाही. साहेब हसले नाहीत. बराच वेळ त्या सह्या पाहत राहिले आणि म्हणाले, "इसमें दसवां दस्तखत मैं करता था." त्या दिवशी नरहररावांना हा माणूस आवडला.

मग रोज दुपारी, पेश्या आटोपल्यावर, अर्धा तास तालीम. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं: एकावन्न वर्षांचा पेशकार साहेबाला साहेबकी शिकवतो! ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी दोघांनी ती शिकवणी लपवली. नरहररावांनी त्यांना 'मुझे मालूम नहीं' म्हणायला शिकवलं. पहिल्यांदा ते हबीब बेगांपुढे म्हणाले तेव्हा हबीब बेगांचा चेहरा पडला, बिचारे दोन दिवस चिंतेत होते की आपल्या हातून काय चुकलं. आणि मग पाण्याची तालीम. नरहरराव दाराशी उभे राहत आणि लांबच्या तलावावरचा देखरेखीवाला होत. "हुजूर, पानी चढ़ रहा है. क्या करूं?" पहिल्यांदा साहेब म्हणाले, "लिखकर भेजो." "हुजूर, बांध बह गया," नरहरराव म्हणाले. दुसऱ्यांदा मधल्या अंमलदारावर ढकललं, "मुहतमीम से पूछो." "बह गया." तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही बांध वाहून गेला. साहेब चिडले, बोटं वाजायची थांबली. पाचव्यांदा त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुम वहां हो. तुम देखो." नरहररावांना वाटलं, जिंकलं. घरी जाताना चालत गेले, नारायणगुड्यापासून पुढं तर गुणगुणत गेले. पुढे तीर महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावर, साहेबांनी एकतीस देखरेखीवाल्यांना बोलावून आवारात चिंचेखाली हेच सांगितलं. पाणी चढलं तर विचारत बसू नका. तुम वहां हो, तुम देखो. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. असं काही रियासतीत साहेब बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. नरसय्या त्या गर्दीत मागं उभा होता.

आणि इथंच ती चूक झाली. ती आपली, नरहरराव स्वतःला म्हणाले. साहेबांची नव्हे, आपली. साहेबांनी विचारलं होतं, "इसे लिख दूं?" आणि आपणच म्हटलं, नको. लिहिलं तर मंजुरीला वर जाईल, वर पाच खोल्या नाहीत, पंधरा आहेत, पुढच्या वर्षीचा पाऊस येऊन जाईल. तोंडीच असू द्या. ज्या कचेरीत कागदावर नसलेला माणूससुद्धा जिवंत धरत नाहीत, तिथं आपण हुकूम हवेवर ठेवला. घाई झाली होती, दुसरं काय. आयुष्यभर गोगलगायीच्या चालीनं चाललेल्या माणसाला एकदा पळायला मिळालं की तो आधी जोडे फेकतो. ऐन पावसाळ्यात, शहरेवर महिन्यात, पेद्दकुंटाला तीन दिवस पाऊस कोसळला. नरसय्यानं पाहिलं, बांधाच्या पोटातून गढूळ पाणी झिरपतंय. त्यानं कुणाला विचारलं नाही. चार गडी घेतले आणि सांडव्यावरच्या फळ्या काढल्या. पाणी उतरलं, बांध राहिला, खालचं गाव राहिलं. पण सांडव्याचं पाणी गेलं ते जागीरदारसाहेबांच्या मोसंबीच्या बागेत. बाग बुडाली, ती सगळ्यांना दिसली. गाव वाचलं, ते कुणाला दिसणार? न फुटलेल्या बांधाचा पुरावा कुठून आणायचा? जागीरदारांची तक्रार वर गेली, वरून खाली आली: कोणाच्या हुकमानं फळ्या काढल्या? नरसय्यानं चौकशीत सांगितलं, नाजिमसाहेबांच्या. चौकशीवाल्यांनी मिसल उलटीपालटी केली. असा हुकूम कुठेच नव्हता. साहेबांना विचारणा झाली तेव्हा साहेबांनी लिहिलं, 'दफ्तर में ऐसा कोई हुक्म मौजूद नहीं.' एक अक्षर खोटं नव्हतं. ती ओळ लिहून झाल्यापासून दुपारची तालीम बंद पडली, आणि कुणीच कुणाला त्याचं कारण विचारलं नाही.

मोची आला. व्हरांड्यात बसकण मारून त्यानं पोतडीतून आरी काढली, पट्टा मांडीवर घेतला आणि हात पुढं केला. "बक्कल दो मालिक." नरहररावांनी मूठ उघडली नाही. का, ते त्यांनाही कळलं नाही. बकलेचा काटा तळहातात रुतला होता आणि ते रुतणं सोडवत नव्हतं. त्यांना पोशय्या आठवला. इतकी वर्षं तो असा समोर आला नव्हता. आज खांबाला टेकलेल्या नरसय्यामुळे आला, की या पट्ट्यामुळे, देव जाणे. पोशय्या एका तलावावरचा नीरडी होता, तूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं आणि बंद करायचं काम त्याचं. तेव्हाच्या साहेबांनी दौऱ्यावर असताना घोड्यावरूनच त्याला सांगितलं, उघड. तात्या शेजारीच उभे होते. पुढं कुणाचं तरी पीक बुडालं, साहेबांना काही आठवेना, आणि तात्यांनाही काही आठवलं नाही. पोशय्याला काढला. तो गावाहून चालत हैदराबादला आला आणि घराच्या पायरीवर बसला. भांडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "अय्यांना भेटायचं होतं. त्यांनी ऐकलं होतं." नरहरराव तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, नुकतीच उर्दूची परीक्षा पास झालेले. तात्यांनी आतून, माजघरातून, हातानं खूण केली. आणि नरहररावांनी दारात जाऊन सांगितलं, "तात्या घरात नाहीत."

दारातच तात्यांचे जोडे होते. पोशय्यानं ते पाहिले. मग नरहररावांकडे पाहिलं. "सरे," म्हणाला तो, म्हणजे बरं, आणि बसून राहिला. दुपारी आईनं त्याला भाकरी आणि चिंचेचं सार दिलं, ते त्यानं खाल्लं, पान स्वतः धुऊन ठेवलं आणि पुन्हा बसला. दिवे लागायच्या वेळी उठला, जोड्यांना हात लावून नमस्कार केला आणि गेला. तो नमस्कार नसता केला तर बरं झालं असतं. तात्या त्यानंतर अकरा वर्षं नोकरीत राहिले. दर सकाळी ताठ मानेनं बगलूस बांधून आत जात, आणि घरी आल्यावर जोडे दारात न ठेवता उचलून आत, पलंगाखाली ठेवत. आईनं एकदा विचारलं, तर म्हणाले, कुत्री नेतात. आमच्या गल्लीत कुत्री नव्हतीच, नरहररावांना आता आठवलं. नव्हती. एक पिवळी होती, ती आंधळी होती. आणि आपणही वयाच्या पन्नाशीपर्यंत हेच मानलं की तात्या भले होते, शिस्तीचे होते, त्यांचा नाइलाज होता. नाइलाज कसला? तोंड होतं ना त्यांना! ऐकलं होतं, तेवढं सांगायचं होतं. पट्टा ज्याच्या कमरेला त्याची कंबर दुखते असं म्हणावं, तर पोशय्याला कुठं पट्टा होता?

"मालिक, बक्कल," मोची पुन्हा म्हणाला. हबीब बेग कासावीस झाले होते. ते वाईट नव्हते, पाच मुलींचे बाप होते, एवढंच. ते उठून जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दे डालो बक्कल. दस्तखत ले लो, किस्सा खतम. वो तो जाताच है. तुम कायकू अपनी टांग अडाते?" नरहररावांना एकाएकी खूप मोकळं वाटलं. राग आल्यावर माणसाला असं मोकळं वाटतं हे ते विसरले होते. शेवटचा खरा राग कधी आला होता, आठवेना. त्यांनी बक्कल शेरवानीच्या खिशात टाकली. "बेग साहब, मैं ऐसेच जाता," ते म्हणाले. "ऐसेच?" "हौ." हबीब बेगांनी त्यांच्या कमरेकडे पाहिलं. नुसती शेरवानी, बारा गुंड्या, मध्ये काही नाही. त्यांनी नजर खाली केली, उघड्या माणसावरून करतात तशी. दस्तगीर दाराशी आडवा झाला, "साब, नक्को साब, मेरी नौकरी जाती," आणि मग कोण जाणे काय वाटलं त्याला, स्वतःच बाजूला झाला आणि त्यानं पडदा उचलला.

आत साहेब काही लिहीत होते. त्यांनी डोकं वर केलं आणि त्यांची नजर चेहऱ्याच्या आधी कमरेवर गेली. चौदा महिने, तीन किताबं, पाण्याची तालीम, आणि तरी आधी कमरेवर. "बगलूस?" "टूट गया, हुजूर." "तो दूसरा..." "दूसरा नहीं है. इस दफ्तर में एकच है. आपको मालूम नहीं था?" साहेबांना खरंच ठाऊक नव्हतं. पाच खोल्यांतून कागदामागे हिंडले, पण दाराबाहेरची खुंटी दिसायला त्यांना आपल्याच दारात उभं राहावं लागलं असतं. "मिसल रख जाइए," ते म्हणाले, "मैं दस्तखत करके भिजवा दूंगा." नरहररावांनी मिसल ठेवली. पण मुजरा करून वळले नाहीत. टेबलासमोरची खुर्ची, जी जागीरदारांसाठी आणि विलायती पाहुण्यांसाठी असते, ती त्यांनी मागे ओढली आणि तिच्यावर बसले.

साहेबांची बोटं टेबलावर वाजू लागली. "बिलोलीकर साहब, आप मेरी मुश्किल नहीं समझते. जागीरदार साहब की पहुंच कहां तक है, आप जानते हैं. एक आदमी की बात है. बाद में उसे कहीं और लगा देंगे. और मैंने जो लिखा, उसमें झूठ क्या है? हुक्म कागज पर है ही नहीं." "नहीं है," नरहरराव म्हणाले. "मैंने मना किया था. वो गलती मेरी." त्यांनी साहेबांच्याच दौतीतून टाक उचलला, मिसल उघडली आणि शेवटच्या पानावर, बरतर्फीच्या मजकुराखाली, लिहायला लागले. उर्दू अक्षर त्यांचं फार सुरेख होतं, तात्यांनी छडी घेऊन वळवलेलं. लिहिलं: तीर महिन्याच्या बारा तारखेला, आवारात, एकतीस इसमांसमक्ष, नाजिमसाहेबांनी फर्मावलं की पाणी चढल्यास विचारणा न करता योग्य ते करावं. मी हजर होतो, मी ऐकलं. हुकूम लेखी करू नये असा सल्ला माझा. नरसय्यानं हुकूम पाळला. तो गुन्हा असेल तर गुन्हेगारांत पहिलं नाव माझं लिहावं. खाली सही केली, तारीख घातली. 'मी ऐकलं' लिहिताना हात अडला नाही याचं त्यांना नवल वाटलं. तेहतीस वर्षं उशिरा, दुसऱ्याच तलावाच्या मिसलीवर, ते शब्द उतरले होते.

साहेबांनी ते उलटं वाचलं, मग मिसल फिरवून सुलटं वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ये आप मुझे धमकी दे रहे हैं?" नरहरराव उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. तालमीत जिथं उभे राहत, अगदी तिथं. "हुजूर," ते म्हणाले, "पानी चढ़ रहा है. क्या करूं?" साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आधी रागानं, मग रागाशिवाय. सवयीनंच त्यांच्या तोंडून निघालं, "तुम वहां हो. तुम देखो." "बह गया, हुजूर," नरहरराव म्हणाले. साहेब दचकले. "क्यों? जवाब तो यही था." "आधा था. मैंनेच आधा सिखाया." हे म्हणेपर्यंत त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं. नारायणगुड्यापासून गुणगुणत गेलो तो या अर्ध्या वाक्यावर. माणसाला धारेवर सोडायचं आणि 'तू पाहा' म्हणायचं, यात साहेबकी कसली? ते तर पोशय्याच्या साहेबानं घोड्यावरून केलंच होतं. "बाकी आधा ये है हुजूर: तुम देखो, जवाब मैं दूंगा. ये दूसरा नहीं बोलना, तो पहला भी नहीं बोलना. फिर अगले साल पानी चढ़ेगा, इकतीस के इकतीस तार करेंगे, और जवाब की राह देखते बैठेंगे. आपका दफ्तर फिर सो जाएगा. मैं उसे दुबारा नहीं उठा सकता."

साहेब खिडकीकडे वळले. तिथून व्हरांडा दिसायचा, खांब दिसायचा. नरसय्या दिसला की नाही कोण जाणे. बराच वेळ ते पाठमोरे राहिले, आणि नरहरराव त्या पाठीकडे पाहत मनात म्हणत होते, कर सही, हवी तिथं कर. पण माझं लिहिलेलं आता तुला पुसता येणार नाही, मिसलीतलं पान फाडायची या रियासतीत कुणाची छाती नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. घरी जाईन, आणि जोडे दारात काढीन. साहेब परत येऊन बसले. टाक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. नरहररावांच्या सहीखाली त्यांनी एकच ओळ लिहिली, आणि लिहिताना ओठ हलत होते, शाळेतल्या पोराचे हलतात तसे. 'दुरुस्त है. हुक्म मेरा था, जवाब मैं दूंगा.' बरतर्फीच्या मजकुरावर आडवी रेघ मारली, सही केली. ओल्या शाईवर वाळू टाकली. मग मान वर न करता कोरड्या आवाजात म्हणाले, "और बिलोलीकर साहब, बगलूस के बगैर पेशी में आने का जवाब लिखकर दीजिए. आज ही." "जी हुजूर," नरहरराव म्हणाले. त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. साहेबांनाही कुठं तरी धरायला काठ हवाच होता.

पडदा सारून ते बाहेर आले. सगळे उभे राहिले होते. मोचीनं पट्टा मांडीवर तसाच धरला होता. "बक्कल मालिक?" "नक्को," नरहरराव म्हणाले. "पट्टा दे दस्तगीर को. जाओ तुम." मग ते हबीब बेगांकडे वळले. "बेग साहब, आपकी पेशी." हबीब बेगांनी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती. त्यांनी पोटावरून हात फिरवला, शेरवानी खाली ओढली, एकदा मागच्या सहा जणांकडे पाहिलं. "बगैर?" "बगैर." हबीब बेग तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, बहुधा अल्लाचं नाव, आणि आत गेले. पट्ट्याची वाट पाहायची नाही, तर ते आत आहेत तोवर दुसऱ्या कुणी थांबायचं काही कारण उरलं नाही, हे मागच्या माणसाच्या हळूहळू लक्षात येत होतं. तो दाराशी सरकला आणि थोड्या वेळानं तोही आत गेला.

नरहरराव व्हरांडा ओलांडून पायऱ्यांपर्यंत गेले. स्वतः गेले. नरसय्या धडपडत उठला, तसा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवला आणि दस्तार सावरत शेजारच्या पायरीवर बसले. शेरवानी मळेल, इंदुमती बोलेल, बोलू दे. नरसय्या त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं. "तेरी नौकरी है," ते म्हणाले. नरसय्यानं पंच्यानं तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. मग तो शहाण्या माणसासारखा थोडा पुढं झुकला आणि हळूच म्हणाला, "पंतुलुगारू, फिर पानी चढ़ा तो? पूछना क्या?"

नरहररावांनी खिशात हात घातला, बक्कल चाचपली आणि तिथंच राहू दिली.

"फळ्या निकालना," ते म्हणाले. "पूछे सो किसी को मेरा नाम बोलना. मैं घर में रहता."